ईदुल्-फित्र (रमजान ईद)

ईदुल्-फित्र : रमजान महिन्याचे उपवास संपल्यावर शव्वाल या हिजरी कालगणनेतील दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी साजरा होणारा मुसलमानांचा सण. धर्मशास्त्राने सर्व मुसलमानांना घालून दिलेले वार्षिक सण दोनच असून त्यांपैकी हा एक होय; दुसरा ईदुल्-अज्हा किंवा बकर ईद हा जिल्हिज महिन्याच्या दहाव्या दिवशी येतो. ‘ईद’ हा शब्द ‘परत येणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून निघाला, असे अरबी कोशकार मानतात. म्हणजे फिरून फिरून येणारा दिवस. काही आधुनिक अभ्यासकांनी त्याचे मूळ सिरियाक भाषेत शोधले आहे. ‘फित्र’ म्हणजे उपवास सोडणे. अरबीत या सणाला ‘ईदुस्सगीर’ म्हणजे धाकटी ईद असेही म्हणतात, कारण धर्मशास्त्राच्या दृष्टीने हजयात्रेशी व कुर्बानीशी जोडलेली ईदुल्-अज्हा ही थोरली ठरते. लोकव्यवहारात मात्र अनेक देशांत धाकटी ईदच अधिक उत्साहाने साजरी होते. महिनाभराच्या संयमानंतर ती येते, हे त्याचे उघड कारण होय. महाराष्ट्रात ती ‘रमजान ईद’ व उत्तर भारतात ‘मीठी ईद’ या नावांनीही ओळखली जाते.

या सणाला इतर अनेक सणांप्रमाणे एखादी पौराणिक कथा, जन्मोत्सव किंवा ऋतुचक्रातील घटना यांचा आधार नाही. एक कर्तव्य पुरे झाल्याचा तो आनंद आहे व त्या आनंदाला धर्मशास्त्राने दोन अटी घातल्या आहेत : नवा चंद्र दिसल्याची खात्री पटली पाहिजे व ईदगाहकडे निघण्यापूर्वी गरिबाच्या घरी धान्य पोचले पाहिजे. सणाचे बाह्य स्वरूप देशोदेशी बदलले, तरी त्याविषयीच्या शास्त्रचर्चा व वाद प्रामुख्याने या दोन अटींभोवतीच फिरत आले आहेत.

उगम : मुहंमद पैगंबर ६२२ मध्ये मक्केहून मदीनेस गेले, तेव्हा तेथील लोक वर्षातून दोन दिवस खेळ व करमणूक यांत घालवीत असत. त्या दोन दिवसांच्या बदल्यात ईश्वराने तुम्हाला याहून चांगले दोन दिवस दिले आहेत, असे पैगंबरांनी सांगितल्याची हदीस आहे. रमजानचे उपवास हिजरी सन २ (६२४) मध्ये आवश्यक ठरले व त्याच वर्षी ईदची पहिली नमाज झाली, असे परंपरा मानते. त्याच रमजानच्या १७ तारखेस बद्रची लढाई झाली. तेव्हा मदीनेतील पहिली ईद त्या विजयानंतर अवघ्या दोन आठवड्यांत आली होती. कुराणात ईदुल्-फित्रचा नावाने उल्लेख नाही. तथापि उपवासाचा आदेश देणाऱ्या वचनांत (२.१८३–१८५) उपवासांची संख्या पूर्ण करून ईश्वराची थोरवी गावी, असे सांगितले आहे. ईदच्या तकबीरांचा, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’ या घोषाचा आधार भाष्यकार तेथे दाखवितात.

चंद्रदर्शन : इस्लामी महिना चंद्रकोर दिसल्यापासून सुरू होतो व तो २९ किंवा ३० दिवसांचा असतो. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. हिंदू पंचांगातील महिनेही चांद्रच आहेत; पण तेथे सुमारे ३२ ते ३३ महिन्यांनी अधिक मास धरून ऋतूंशी मेळ राखला जातो. प्राचीन अरबांत महिने पुढे ढकलण्याची जी ‘नसी’ नावाची रूढी होती, ती कुराणाने (९.३७) निषिद्ध ठरविली. परिणामी ईद दरवर्षी सौर वर्षाच्या मानाने सुमारे ११ दिवस अलीकडे येते व साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून मूळ जागी पोचते. १९८३ मध्ये भारतात ती ऐन पावसाळ्यात, जुलै महिन्यात आली होती. २०१६ मध्ये पुन्हा जुलैतच आली. २००० या वर्षी जानेवारी व डिसेंबर अशी दोनदा ईदुल्-फित्र झाली.

चंद्र पाहून उपवास सुरू करा, चंद्र पाहून सोडा आणि आभाळ आले असेल तर तीस दिवस पुरे करा, असा हदीसचा आशय आहे. त्यामुळे रमजानच्या २९ तारखेस सूर्यास्तानंतर गच्च्या, टेकड्या व समुद्रकिनारे यांवर लोक पश्चिम क्षितिजाकडे पाहत उभे राहतात. कोर दिसली, तर दुसरा दिवस ईदचा; न दिसली, तर आणखी एक उपवास. तीस उपवास झाल्यावर मात्र चंद्र दिसो वा न दिसो, ईद ठरलेलीच असते.

साक्षीचे नियम काटेकोर आहेत. हनफी मताप्रमाणे आभाळ असताना रमजानच्या आरंभासाठी एका विश्वासू व्यक्तीची साक्ष पुरते. परंतु ईदसाठी दोन पुरुषांची अथवा एक पुरुष व दोन स्त्रिया यांची साक्ष लागते. उपवास सुरू करण्यात चूक झाली तर एक उपवास जास्त घडतो, पण तो सोडण्यात चूक झाली तर एक बुडतो, हा फरक त्यामागे आहे. आकाश निरभ्र असेल, तर दोघांच्या शब्दावरही भागत नाही. अनेकांनी चंद्र पाहिलेला असावा लागतो, कारण स्वच्छ आकाशातील कोर इतरांना का दिसली नाही, असा प्रश्न उभा राहतो. एखाद्याने स्वतः चंद्र पाहिला पण काजीने त्याची साक्ष नाकारली, तर हनफी मतानुसार त्यानेही दुसऱ्या दिवशी सर्वांबरोबर उपवास करावयाचा असतो. शाफिई मताप्रमाणे त्याने उपवास सोडावा, पण गुपचूप. ईद ही व्यक्तीची नसून समुदायाची आहे, हे तत्त्व दोन्ही निर्णयांत दिसते. उलट, ३० तारखेचा उपवास चालू असताना आदल्या रात्री चंद्र दिसल्याची खात्रीची बातमी आली, तर उपवास तत्काळ सोडावा लागतो. मदीनेत दिवस कलल्यावर काही स्वार अशी बातमी घेऊन आले, तेव्हा पैगंबरांनी लोकांना उपवास सोडावयास सांगून नमाज दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली होती.

एका गावी दिसलेला चंद्र दुसऱ्या गावी मानावा काय, हा प्रश्न पहिल्या पिढीतच उपस्थित झाला. कुरैब नावाचा गृहस्थ सिरियाहून मदीनेस परतला. सिरियात रमजानचा चंद्र शुक्रवारच्या रात्री दिसला होता व खलीफा मुआविया याने त्याप्रमाणे उपवास धरले होते; मदीनेत तो शनिवारच्या रात्री दिसला. मुआवियाचे दर्शन आपणास पुरेसे नाही काय, असे कुरैबने विचारले असता इब्न अब्बास यांनी नकार दिला व आपण स्वतः चंद्र पाहू किंवा तीस दिवस पुरे करू, असे सांगितले. या प्रसंगाच्या आधारे शाफिई पंथाने दूरच्या प्रदेशांची क्षितिजे वेगळी मानली. जुन्या हनफी ग्रंथकारांचा कल मात्र एका ठिकाणचे दर्शन सर्वांना लागू करण्याकडे होता. बातमी घोड्याच्या वेगाने जात होती तोवर या मतभेदाची झळ फारशी लागली नाही. तारयंत्र, दूरध्वनी व रेडिओ आल्यावर यंत्रातून आलेला आवाज ही साक्ष मानावी की नुसती वार्ता, यावर भारतातील उलेमांत दीर्घकाळ चर्चा झाली.

ज्योतिषशास्त्राच्या दृष्टीने अमावास्येचा क्षण अचूक सांगता येतो. पण त्यावरून कोर दिसेलच असे नाही. चंद्र व सूर्य यांतील कोनीय अंतर सुमारे ७ अंशांहून कमी असेल, तर कोर तयारच होत नाही, असे आंद्रे दांझाँ या फ्रेंच ज्योतिर्विदाने दाखविले. तिची क्षितिजापासूनची उंची, संधिप्रकाश व हवेतील धूळ यांवरही बरेच अवलंबून असते. चंद्र सूर्यापासून दर तासाला सुमारे अर्धा अंश दूर सरकतो. मक्केत सूर्य मुंबईच्या मानाने दोन तासांहून अधिक उशिरा मावळतो. तेवढ्या अवधीत कोर किंचित जाड होते. अरबस्तानातील ईद पुष्कळदा भारताच्या आदल्या दिवशी येते, याचे एक कारण हे होय. परंतु ते एकमेव कारण नव्हे. ज्या सायंकाळी गणिताने चंद्र दिसणे अशक्य ठरते, त्या सायंकाळची साक्षही कधीकधी ग्राह्य धरली गेली आहे व त्यावरून टीका झाली आहे.

यातून निरनिराळ्या व्यवस्था निर्माण झाल्या. तुर्कस्तानात गणितावर आधारलेले पंचांग वापरतात. १९७८ मध्ये इस्तंबूल येथे भरलेल्या परिषदेने त्यासाठी चंद्राची उंची ५ अंश व सूर्यापासूनचे अंतर ८ अंश असे निकष ठरविले. इंडोनेशियात मुहंमदीया ही मोठी संघटना गणिताने चालते, तर शासन गणिताबरोबर प्रत्यक्ष दर्शनही घेते. २०२३ मध्ये मुहंमदीयाची ईद २१ एप्रिलला व शासनाची २२ एप्रिलला झाली. भारतात शहरोशहरी रूयत-ए-हिलाल म्हणजे चंद्रदर्शन समित्या साक्षी घेऊन निर्णय जाहीर करतात. २०२४ मध्ये केरळ, जम्मू-काश्मीर व लडाख येथे १० एप्रिलला आणि उर्वरित देशात बहुतेक ठिकाणी ११ एप्रिलला ईद साजरी झाली. शासकीय सुटीची तारीखही त्यामुळे चंद्रदर्शनाच्या अधीन राहते. दाऊदी बोहरा समाज फातिमी काळापासून चालत आलेले कोष्टकरूप पंचांग पाळतो. त्यात विषम महिने ३० दिवसांचे असल्याने रमजान, म्हणजे नववा महिना, नेहमीच तीस दिवसांचा भरतो. या समाजाची ईद बहुधा इतरांच्या एक-दोन दिवस आधी येते व ती कित्येक वर्षे अगोदर सांगता येते.

हा वाद विज्ञान विरुद्ध श्रद्धा असा रंगविला जातो, ते बरोबर नाही. गणिताला विरोध करणारे उलेमाही नमाजाच्या वेळा घड्याळाने व कोष्टकानेच ठरवितात. खरा प्रश्न निर्णय कोणी द्यावा व तो कोणावर बंधनकारक असावा, हा आहे. एकाच शहरात, प्रसंगी एकाच कुटुंबात, काहींची ईद व काहींचा उपवास असा प्रसंग येतो, तेव्हा त्याचे दुःख गणित चुकल्याचे नसते. ईदच्या दिवशी उपवास करणे निषिद्ध व रमजानात तो सोडणे पाप, अशी दोन्हीकडून कोंडी असल्यामुळे हा मतभेद इतर तिथींच्या वादांपेक्षा अधिक बोचतो.

फित्रा : ईदच्या निमित्ताने द्यावयाच्या सक्तीच्या दानास ‘सदकतुल्-फित्र’ किंवा ‘फित्रा’ म्हणतात. जकातीहून ते वेगळे आहे. जकात वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के या दराने देतात. फित्रा माणशी देतात. घरातील कर्त्याने स्वतःचा व अज्ञान मुलांचा फित्रा द्यावा लागतो. हनफी मताप्रमाणे ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेल्या अर्भकाचाही त्यात समावेश होतो. उपवासात नकळत घडलेल्या वावग्या बोलण्यावागण्याची शुद्धी व गरिबांसाठी अन्न, असे या दानाचे दोन हेतू इब्न अब्बास यांच्या हदीसमध्ये सांगितले आहेत. नमाजापूर्वी दिले तर तो फित्रा, नंतर दिले तर ते इतर दानांसारखे एक दान, असेही त्याच हदीसमध्ये म्हटले आहे. मात्र वेळ टळली म्हणून देणे माफ होत नाही.

हनफी मतात हे दान निसाबाइतकी मालमत्ता असलेल्यांवरच आवश्यक आहे; भारतात निसाब साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने असा मोजतात. इतर तीन सुन्नी पंथांत ज्याच्या घरी ईदच्या दिवसरात्रीपुरते अन्न असून काही उरते, त्या प्रत्येकाने फित्रा द्यावयाचा असतो. या नियमामुळे एखादा गरीब मनुष्य एका हाताने फित्रा देतो व दुसऱ्या हाताने घेतोही. वर्षातून एकदा तरी त्याला दात्याच्या रांगेत उभे राहता यावे, ही या व्यवस्थेची सुंदर बाजू होय.

दानाचे माप पैगंबरांच्या काळी ‘साअ’ हे होते. खजूर, जव, मनुका इत्यादींचा एक साअ, म्हणजे आजच्या मापाने सर्वसाधारणपणे अडीच ते तीन किलोग्रॅमच्या आसपास, द्यावयाचा असे. गव्हाच्या बाबतीत हनफी पंथ अर्धा साअ पुरेसा मानतो. याला इतिहास आहे. मुआवियाच्या काळी सिरियाचा गहू मदीनेत महाग होता, म्हणून त्याचे अर्धे माप खजुराच्या पूर्ण मापाबरोबर धरण्यात आले. अबू सईद अल्-खुद्री यांनी मात्र आपण पूर्वीप्रमाणे पूर्ण साअच देत राहू, असे सांगितले. आज परिस्थिती उलटली आहे. गहू हे सर्वांत स्वस्त धान्य असून खजूर व मनुका त्याच्या कितीतरी पट महाग आहेत. भारतातील मशिदींतून रमजानमध्ये फित्र्याची जी रक्कम जाहीर होते, ती बहुधा सुमारे पावणेदोन किलोग्रॅम (काहींच्या हिशेबाने दोन किलोग्रॅमहून थोड्या अधिक) गव्हाच्या भावाने काढलेली असते. लक्षाधीशही तेवढीच देऊन मोकळा होऊ शकतो. सधनांनी खजुराच्या किंवा मनुकांच्या भावाने फित्रा द्यावा, असे आवाहन उलेमा करतात ते यामुळेच. माप शब्दशः पाळताना त्याचा हेतू कसा निसटतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

धान्याऐवजी पैसे देण्यास हनफी पंथाची मुभा आहे. इतर पंथांचे जुने ग्रंथ धान्यावरच भर देतात. शहरातील गरजू कुटुंबास गव्हापेक्षा मुलांचे कपडे किंवा थकलेले भाडे यांची निकड अधिक असते, म्हणून पैशांची रीत सर्वत्र वाढत गेली. हे दान ईदच्या काही दिवस आधी देणे शिष्टसंमत आहे. घेणाऱ्याला सणाची तयारी करता आली पाहिजे, तो दाराशी याचना करीत फिरता कामा नये, हा त्यामागील विचार आहे.

नमाज : ईदच्या सकाळी स्नान करून, उत्तम कपडे घालून व अत्तर लावून ईदगाहकडे निघावे व निघण्यापूर्वी काही गोड, शक्यतो विषम संख्येने खजूर, खावे, असा संकेत आहे. उपवास खरोखर संपला, याची ती खूण होय. ईदुल्-अज्हाच्या दिवशी नमाजापूर्वी काही न खाण्याची रीत आहे. जाताना एका वाटेने व येताना दुसऱ्या वाटेने यावे, असे सांगितले आहे. ईदची नमाज सूर्य थोडा वर आल्यापासून मध्यान्हापूर्वीपर्यंत केव्हाही होते. ती दोन रकातींची असून तिच्यासाठी अजान दिली जात नाही. पैगंबर ही नमाज मदीनेबाहेरच्या मोकळ्या पटांगणात पढत. त्यावरून गावाबाहेर ईदगाह राखण्याची पद्धत पडली. ईदगाह म्हणजे बहुधा पश्चिमेकडे एक भिंत, तिच्यात मक्केची दिशा दाखविणारा मिहराब व समोर उघडे मैदान. मोठ्या शहरांत जागेच्या अभावी मशिदींत एकामागून एक जमाती उभ्या राहतात.

या नमाजात नेहमीपेक्षा अधिक तकबीर असतात. हनफी पद्धतीत दोन्ही रकातींत तीन-तीन मिळून सहा, तर शाफिई पद्धतीत पहिल्या रकातीत सात व दुसऱ्या रकातीत पाच. महाराष्ट्रात या दोन्ही पद्धती आढळतात. देशावरील, मराठवाड्यातील व विदर्भातील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. कोकणी मुसलमान मात्र, पश्चिम किनाऱ्यावर अरब सागरी व्यापाऱ्यांचा वावर असल्यापासून, केरळमधील मापिळ्यांप्रमाणे शाफिई आहेत. शिया पंथात पहिल्या रकातीत पाच व दुसऱ्या रकातीत चार वेळा कुनूत म्हणजे प्रार्थना म्हणतात व ही नमाज एकट्यानेही पढता येते.

शुक्रवारी प्रवचन (खुत्बा) नमाजापूर्वी होते, ईदला ते नमाजानंतर. त्यात फित्र्याचे नियम सांगावेत, असे हनफी ग्रंथांत म्हटले आहे. पण ते दान तोवर देऊन झालेले असावयास हवे, म्हणून हे नियम आधीच्या शुक्रवारी सांगणे योग्य, अशी मार्मिक सूचना काही धर्मशास्त्रज्ञांनी केली आहे. स्त्रियांनीही ईदगाहवर यावे व ज्यांना विटाळामुळे नमाज वर्ज्य आहे त्यांनी बाजूस बसून प्रार्थनेत सहभागी व्हावे, असे उम्म अतीया यांच्या हदीसमध्ये आहे. उत्तरकालीन हनफी पंडितांनी त्याला प्रतिकूल मत दिल्यामुळे उत्तर भारतात व दख्खनमध्ये स्त्रिया बहुधा घरीच राहतात. केरळ, आग्नेय आशिया व अरब देशांत त्या मोठ्या संख्येने जातात. २०२० व २०२१ मध्ये कोविडच्या साथीमुळे ईदगाह व मशिदी अनेक ठिकाणी बंद होत्या. अनेक देशांत लोकांनी घरीच नमाज पढली.

भारतातील चालीरीती : चंद्र दिसलेल्या रात्रीला ‘चाँदरात’ म्हणतात. मुंबईतील मुहंमद अली रस्ता व हैदराबादेतील चारमिनारचा परिसर यांसारख्या बाजारपेठा त्या रात्री पहाटेपर्यंत जाग्या असतात. बांगड्या, मेंदी, टोप्या, अत्तर, सुकामेवा व शेवया यांची खरेदी शेवटच्या घटकेपर्यंत चालते. ईद उद्या की परवा, हे सूर्यास्तापर्यंत ठाऊक नसल्याने दर्जी व व्यापारी यांची या रात्री विशेष धांदल उडते.

ईदचे मुख्य पक्वान्न शीरखुर्मा. फारसीत शीर म्हणजे दूध व खुर्मा म्हणजे खजूर. बारीक शेवया तुपावर परतून त्या आटवलेल्या दुधात घालतात व त्यात खारीक, बदाम, पिस्ते, चारोळी यांची भर घालतात. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असते व त्याचा अभिमानही असतो. महाराष्ट्रातील गावांत व शहरांच्या जुन्या वस्त्यांत हिंदू शेजाऱ्यांकडे शीरखुर्म्याचे डबे पाठविण्याची आणि दिवाळीत फराळाचे ताट घेण्याची देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नमाजानंतर लोक एकमेकांस आलिंगन देऊन ‘ईद मुबारक’ म्हणतात. वडीलधारी माणसे मुलांना ‘ईदी’ म्हणजे खुशीचे पैसे देतात. अनेक जण ईदगाहहून परतताना कबरस्तानात जाऊन आप्तांच्या कबरीशी प्रार्थना करतात. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, तेथे सांत्वनासाठी जाण्याचीही रीत काही भागांत आहे. पहिली ईद त्या घराला जड जाते.

राजदरबारांतील ईद : राजसत्तेने या सणाला वैभवाचे रूप दिले. ईजिप्तच्या फातिमी खलीफांपैकी अल्-अझीझ (कार. ९७५–९९६) याने ईदची मिठाई बनविण्यासाठी ‘दारुल्-फित्रा’ नावाचे स्वतंत्र खाते उभारले. फारसी प्रवासी नासिर खुसरौ याने १०४९ च्या सुमारास कैरोतील ईदच्या मेजवानीची मांडणी पाहिली. तीत पाने, फांद्या व फळे यांसह सर्वस्वी साखरेचे घडविलेले संत्र्याचे झाड होते, असे तो लिहितो. दिल्लीत मुहंमद तुघलकाची स्वारी शृंगारलेल्या हत्तींसह ईदगाहकडे कशी निघे, याचे वर्णन इब्न बतूता (१३०४–१३६८ सु.) याने केले आहे. मोगल काळातही बादशहाची ईदगाहची मिरवणूक हा राजधानीतील मोठा समारंभ असे.

इतर देश : तुर्कस्तानात या सणास ‘रमजान बायरामी’ किंवा ‘शेकेर बायरामी’ म्हणजे साखरेचा सण म्हणतात, लहान मुले थोरांच्या हाताचे चुंबन घेऊन ते कपाळास लावतात व त्यांना मिठाई मिळते. ईजिप्तमध्ये ‘कहक’ नावाची साखर पेरलेली खुसखुशीत बिस्किटे घरोघरी भाजली जातात. इंडोनेशियात ‘लेबारान’च्या आधी कोट्यवधी लोक शहरांतून आपल्या मूळ गावी जातात. तेथे नारळाच्या झावळीच्या विणलेल्या पुडीत शिजविलेला भात (केतुपात) खातात आणि लहानांनी थोरांची वर्षभरातील कळत-नकळत झालेल्या अपराधांबद्दल क्षमा मागणे, हा तेथील सणाचा गाभाच मानतात. नायजेरियातील कानो येथे अमीराच्या पुढे सजविलेल्या घोडेस्वारांची ‘दर्बार’ ही मिरवणूक निघते. ‘दर्बार’ हा शब्द तेथे ब्रिटिशांमार्फत भारतातून गेला. इराणमध्ये नौरोजच्या मानाने ही ईद साधेपणाने होते.

साहित्यात : ईदच्या चंद्राची उपमा फारसी व उर्दू काव्यात दुर्मीळ दर्शनासाठी रूढ झाली आणि फार दिवसांनी भेटणाऱ्यास ‘ईद का चाँद’ म्हणण्याचा वाक्‌प्रचार त्यातूनच आला. बंगालमध्ये काझी नझरुल इस्लाम यांनी १९३१ मध्ये रचलेले व अब्बासुद्दीन अहमद यांनी गायिलेले ईदचे गीत चंद्र दिसताच आजही सर्वत्र ऐकू येते. प्रेमचंद (१८८०–१९३६) यांच्या ‘ईदगाह’ या कथेतील हमीद हा पोरका मुलगा जत्रेत मिठाई व खेळणी न घेता जवळच्या तीन पैशांत आजीसाठी चिमटा विकत आणतो, कारण पोळ्या भाजताना तिचे हात पोळत असतात.

सणानंतर शव्वाल महिन्यातच आणखी सहा ऐच्छिक उपवास करण्याची प्रथा आहे व त्यांचे मोठे पुण्य सांगितले आहे. काही घरांत, विशेषतः आजारपणामुळे किंवा विटाळामुळे रमजानचे काही उपवास राहून गेलेल्या स्त्रिया, ईदच्या दुसऱ्या दिवसापासूनच पुन्हा पहाटेची सहरी सुरू करतात.